गोळा आला की आधी सांगा

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते. एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. सकाळी सहा ते दुपारी दोन उभ्याचं काम, दिवसाला अडीचशेच्या वर पोळ्या होतात. मिस्टर रिक्षा चालवतात. घर दीड खोलीचं. बाहेर सासूबाई आणि मुलगा झोपतात, आत आम्ही, मधे नुसता पडदा. लिहायला लाज वाटते, पण विचारायला दुसरं कोणी नाही. दिवाळीपासून आम्ही जवळ आलो की ऐन वेळी माझ्या उजव्या पोटरीत गोळा येतो. पोटरी दगडासारखी होते. ओरडता येत नाही, बाहेर माणसं. मी उशी दातात धरून पडून राहते. एकदा ह्यांना जोरात ढकललं. दोन-तीनदा असं झाल्यावर हे म्हणाले, "तुला मी नकोसा झालोय का?" मला काही बोलायला सुचलं नाही, मी गप्प राहिले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपतात. तीन महिने झाले. शेजारीण म्हणते, पाळी जायची वेळ आली की असंच होतं, आता हे सगळं सोडायचं वय झालं. खरं का हो? मला बी.पी.ची गोळी चालू आहे, गेल्या वर्षी बदलून दिली.

उत्तर : नाही, खरं नाही. सोडायचं वय वगैरे काही झालेलं नाही. तुम्हाला हवं असेल तोवर ते तुमचं आहे, आणि सत्तेचाळीस म्हणजे तर काहीच नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना गोळ्यापेक्षा त्या गप्प राहण्यापाशी अडखळले. गोळा दोन-तीन मिनिटांत उतरला असेल, गप्प राहणं तीन महिने चाललंय. म्हणून औषधाआधी हे सांगते. ह्यांना सांगा. रात्री पडद्याआड कुजबुजत नको. ह्यांची रिक्षा आहे ना? एक दिवस दुपारी दोनला केंद्रावर घ्यायला बोलवा. पुण्यात तुमच्यासारख्या घरांतून नवराबायकोला एकांत मिळत नाही हे मी तीस वर्षं दवाखान्यात ऐकते आहे. रिक्षात तुम्ही दोघंच असाल. वाटेत एखाद्या झाडाखाली थांबायला सांगा आणि म्हणा, "त्या दिवशी तुम्हाला ढकललं ते तुम्ही नको होता म्हणून नाही. माझ्या पोटरीत गोळा आला होता, आणि आई बाहेर होत्या म्हणून ओरडता आलं नाही." एवढंच. ज्या माणसाने "नकोसा झालोय का" असं विचारलं, त्याच्या मनाला लागलंय. त्याला हे ऐकायचं आहे.

आता गोळा का येतो ते. कुणी पेटका म्हणतं, कुणी वांब म्हणतं, पुण्यात आपण पोटरीत गोळा आला म्हणतो. पोटरीचा स्नायू गुडघ्याच्या मागून निघून टाचेपर्यंत जातो. पाऊल ताणून बोटं पुढे केली की तो आखडून आखूड होतो. असा आधीच आखूड झालेला स्नायू आणखी आवळला, की त्याला हुकूम देणाऱ्या नसा भडकतात आणि तो सुटायचं विसरतो. रात्री झोपेत पांघरुणाखाली पाऊल खाली वळलेलं असतं तेव्हा गोळे येतात ते याच कारणाने. जवळ येताना तर हे हमखास जुळून येतं. सुखाच्या भरात पायाची बोटं आपोआप वळतात, पाऊल ताणलं जातं, मांड्या आवळतात, श्वास कोंडतो. कुणाच्याही शरीरात हे होतं आणि ते चांगलंच लक्षण आहे. म्हणजे पाहा, शरीर नको म्हणत होतं म्हणून गोळा आला असं नाही. शरीर पुरतं रंगलं होतं, पण पोटरी आठ तास उभी राहून थकलेली होती. हेही ह्यांना सांगा. त्यांच्या मनातला सल निघेल.

गोळा आला त्या क्षणी काय करायचं? पहिलं म्हणजे कळवायचं. तुम्हाला आवाज करता येत नाही, तर खूण ठरवा. खांद्यावर दोनदा थाप, म्हणजे थांबा. ह्यांनी लगेच बाजूला व्हायचं, रागवायचं नाही, घाबरायचं नाही. दुसरं, गुडघा सरळ करायचा आणि पायाची बोटं नडगीकडे खेचायची. हे ह्यांनी केलं तर उत्तम. तुमची टाच त्यांनी तळहातात घ्यायची, तळपायाला आपल्या हाताचा पुढचा भाग टेकवायचा आणि पाऊल हळूहळू तुमच्या अंगाकडे ढकलायचं. हिसका द्यायचा नाही. वीस-तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. तुम्ही श्वास सोडत राहायचा. तेवढ्यात पोटरी हाताखाली मऊ पडू लागते. नाही पडली तर उठून उभ्या राहा, भिंतीला दोन्ही तळवे टेका, दुखरा पाय मागे ठेवून टाच फरशीवर पूर्ण दाबा. याला आवाज लागत नाही आणि पडद्याबाहेर काही कळत नाही.

हे धरून ठेवणं मी पुस्तकात शिकले, पण मला ते खरं कळलं ते नाना पेठेत. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, त्या वेळी आम्ही काही डॉक्टर मंडळी आजूबाजूला वारकऱ्यांचे पाय बघायला बसतो. पुढे पंढरपूरपर्यंतची चाल असते, पण पाय पुण्यात पोचेपर्यंतच भरून आलेले असतात. एका आजींच्या पोटरीत माझ्यासमोर गोळा चढला. मी घाईने पाऊल ओढलं तशा त्या कळवळल्या आणि म्हणाल्या, "वढू नगं लेकी, नुस्तं धरून ठेव. त्यो आपणच सुटंल." मी धरून ठेवलं. सुटला. तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला मी हेच शब्द सांगते.

गोळा उतरल्यावर पोटरी दिवसभर ठणकत राहू शकते, त्याला गरम पाण्याची पिशवी पुरे. तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवला तरी चालेल. मात्र चोळण्याबद्दल एक गोष्ट सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावी. दुखणं उतरतच नाही, एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते, लाल दिसते, तर तो गोळा नसून आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशी पोटरी अजिबात चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटलमध्ये जा.

तुमच्या बाबतीत मला आणखी दोन गोष्टींचा संशय आहे. एक, पाणी. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण उभ्याचं काम करणाऱ्या बायका मला नेहमी सांगतात की कामाच्या जागी बाथरूमची सोय नसते म्हणून त्या दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. तव्यासमोर घाम जातो तो वेगळाच. तुमचंही तसं असेल तर मालकिणीशी बोला, शेजारच्या दुकानाशी बोला, पण सोय करून घ्या. दुसरी गोष्ट, बदलून दिलेली गोळी. स्ट्रिपवर 'हायड्रोक्लोरोथायझाइड' किंवा 'क्लोरथॅलिडोन' हा शब्द आहे का ते मुलाकडून वाचून घ्या. बी.पी.च्या बऱ्याच गोळ्यांत लघवी जास्त होण्याचं औषध मिसळलेलं असतं. त्याने अंगातलं सोडियम, पोटॅशियम कमी होऊन गोळे येऊ शकतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही. डॉक्टरांना सांगा, "बदलल्यापासून पायात गोळे येतात," आणि रक्तात या क्षारांची तपासणी करून घ्या. त्याच वेळी साखर आणि थायरॉइडही बघून टाका. मीठ-साखरेचं सरबत पिऊन बघू असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बी.पी.वाल्यांना वरचं मीठ चालत नाही.

रोज झोपण्याआधी पोटरीला ताण द्या. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. दहा आकडे मोजा, सोडा, दोन्ही पायांना तीनतीनदा करा. सहा आठवडे न चुकता. २०१२ साली नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर असा प्रयोग झाला होता. सहा आठवडे झोपताना पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले, दुखणंही कमी झालं. याला पैसे पडत नाहीत. कामावरही ओट्याखाली एक पाट ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक पाय त्यावर टेकवा.

आणि जवळ येताना दिवाणावर अवघडून राहू नका. अरुंद दिवाणावर पायाच्या बोटांनी खालची फळी रेटली जाते आणि सगळा भार पोटरीवर येतो. गादी खाली फरशीवर घाला. कुशीवर झोपा, नाहीतर गुडघ्यांखाली उशी घ्या आणि तळपाय सपाट टेकलेले ठेवा. पाऊल ताणलं जातंय असं वाटलं की बोटं वर उचलायची. थोड्या दिवसांनी ते आपोआप होतं.

पाळीबद्दल शेजारणीचं निम्मं बरोबर आहे. या वयात योनीमार्ग कोरडा होऊ लागतो आणि संबंध दुखरे होतात. तसं होत असेल तर दुखेल या भीतीने सगळं अंगच आवळलं जातं, पायसुद्धा. त्यावर साधं पाण्यासारखं जेल मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञ मलमही देतात. याबद्दल वेगळं लिहा, मी वेगळं उत्तर देईन.

तुमच्या शेजारणीसारखाच सल्ला मलाही एकदा मिळाला होता, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहिलं. मी बावन्न वर्षांची होते. भाच्यांना घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढले आणि त्याच रात्री माझ्या पोटरीत असाच गोळा आला. मी डॉक्टर असूनही पहिल्यांदा लाजच वाटली. आमच्या ह्यांनी न बोलता माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि धरून बसले. आमच्या लग्नातल्या मला आठवणाऱ्या चांगल्या रात्रींत ती एक आहे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. लग्नाला पाच महिने झाले. दर रविवारी मित्रांबरोबर आतकरवाडीतून सिंहगड चढतो. रविवारी रात्रीच संबंधाच्या वेळी दोनदा मांडीच्या मागे जबरदस्त गोळा आला. मित्र म्हणतो ही धातूची कमजोरी आहे, लग्नाआधीच्या सवयींमुळे अंगातली ताकद गेली. मी मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या आहेत. त्याच्या वडिलांनी क्विनीन घ्यायला सांगितलं. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.

उत्तर : मित्राचं म्हणणं डोक्यातून पूर्ण काढून टाका. वीर्य जाण्याचा आणि स्नायूत गोळा येण्याचा काडीचाही संबंध नाही. हस्तमैथुनाने ताकद जात नाही, लग्नाआधी केल्याने लग्नानंतर काही होत नाही. या 'धातू'च्या भीतीने किती तरुण मुलं माझ्यासमोर रडली आहेत, आणि त्या भीतीवर भिंतीभिंतीवर जाहिराती करणाऱ्यांनी त्यांच्याकडून किती पैसे उकळले आहेत, याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही सिंहगड चढता. कमजोर माणूस चढत नाही.

तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : रविवारीच. चढताना मांड्या आणि पोटऱ्या थकतात, उतरताना तर तोल सावरायला त्या सतत ब्रेकसारख्या लागतात. घाम गेलेला, वर पिठलं-भाकरी खाल्ली असेल, पण पाणी किती प्यायलात? त्याच रात्री गुडघा वाकवून, टाचा आत घेऊन जोर लावला की मांडीच्या मागचा थकलेला स्नायू आखडणारच. गोळा आला की पाठीवर झोपा, पाय गुडघ्यात सरळ करून वर उचला, मांडीमागे दोन्ही हात धरून पाय हळूहळू अंगाकडे आणा. उतरेपर्यंत तसेच थांबा. गड उतरल्यावर गाडीवर बसण्याआधी पाच मिनिटं मांड्या-पोटऱ्या ताणा, घरी पोचेपर्यंत पाणी पीत राहा. तुम्हाला बी.पी. नसेल तर ताकात चिमूटभर मीठ घालून प्यायला हरकत नाही. आणि रविवारऐवजी सोमवार ठेवलात तर कुठे बिघडलं?

मॅग्नेशियमचा आग्रह धरू नका. कोक्रेन या संस्थेने २०२० साली यावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. वयस्क माणसांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही, आणि व्यायामाने येणाऱ्या गोळ्यांवर तर नीट प्रयोगच सापडले नाहीत. पोट मात्र बिघडू शकतं. क्विनीनला हातही लावू नका. पूर्वी ते पायात गोळे येतात म्हणून सर्रास द्यायचे. पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट एकाएकी घसरू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने पायातल्या गोळ्यांसाठी ते वापरू नका असं बजावून सांगितलं आहे. ते मलेरियाचं औषध आहे, तिथेच राहू द्या.

बायकोला आजच सांगा. नवीन लग्नात नवरा एकाएकी तोंड वाकडं करून बाजूला झाला की ती काय समजत असेल याचा विचार करा. वरच्या पत्रातल्या ताईंचं काय झालं ते वाचलंत ना? फक्त तिथे गप्प राहिली ती बायको होती.

प्रश्न : वय ६६, सहकारनगर. अठरा वर्षं मधुमेह. तंबाखू होती, आता कमी केली आहे. संबंधाच्या वेळी डाव्या पोटरीत आवळल्यासारखं दुखतं, थांबलो की मिनिटाभरात जातं. तळजाईला फिरायला जातो तेव्हाही चढावर त्याच जागी दुखतं आणि थांबावं लागतं. पूर्वीसारखी ताठरताही येत नाही. कोणता व्यायाम करू? पत्नीला त्रास नको म्हणून सांगितलेलं नाही.

उत्तर : काका, तुमच्यासाठी वर सांगितलेलं काही नाही. व्यायाम नंतर. हा गोळा नाही असं मला वाटतं.

गोळा कधीही, निवांत पडलं असतानाही येतो आणि त्यात पोटरी हाताला दगडासारखी लागते. तुमचं दुखणं श्रम केले की येतं, ठरावीक अंतरावर येतं, थांबलं की जातं. मधुमेह आणि तंबाखू या दोन्हींनी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. स्नायू काम करू लागला की त्याला रक्त पुरत नाही, म्हणून तो दुखतो. ताठरता कमी होणं हेही त्याच आजाराचं दुसरं टोक असू शकतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आणखी बारीक असतात आणि त्या बऱ्याचदा आधी तुंबतात. कधी कधी हृदयाच्या दुखण्याची ती पहिली सूचना असते. म्हणून लाजेखातर ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. पत्रात लिहिलीत तशीच तिथेही सांगा.

या आठवड्यातच तुमच्या फिजिशियनकडे जा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात ती तपासणी करायला सांगा, सुई टोचत नाही, थोड्या वेळात होते. पावलांच्या नाड्या बघायला सांगा. हृदयाची तपासणीही करून घ्या, आणि ती होईपर्यंत ताठरतेची कोणतीही गोळी दुकानातून आणून घेऊ नका. नायट्रेटचं औषध (छातीत दुखण्यावर, हृदयासाठी देतात ते) चालू असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. तंबाखू कमी नाही, बंद. पायावर न भरणारी जखम, काळपट पडलेलं बोट किंवा झोपेतही थांबत नाही असं दुखणं दिसलं तर आठवडाही थांबू नका.

वेळेत कळलं तर यावर औषधं आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालणं हाच मोठा उपचार आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. म्हणजे तळजाई सुटणार नाही. काकूंना मात्र तपासणीला बरोबर न्या. किती पावलांवर तुमचा पाय थांबतो हे डॉक्टर विचारतील, आणि त्याचं नेमकं उत्तर त्यांच्याकडेच असेल, कारण चढावर पुढे जाऊन तुमच्यासाठी थांबत असतील त्या त्याच.